उखळात कुणाची चटणी होती

हे असं पहिल्यापासून सगळं मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्याच्या नाही, बहिणीच्या नाही. नृसिंहवाडीला दर वर्षी जाते, पादुकांपुढं डोळे मिटून उभी राहते — आणि तिथंसुद्धा हे आठवायला लागलं की मनातल्या मनात विषय बदलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? कोल्हापुरात राहत असाल तर तुमच्या घरची वर्षाची चटणी माझ्याच डंकावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटलेली असू शकते.

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दिरांनी आम्हा नवरा-बायकोला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्याकडं एक जुनं कांडपयंत्र घेण्याइतपत सोनं होतं, बाकी काही नव्हतं. ते यंत्र विकणारा दिवसभर माझ्याशी घासाघीस करून इतका थकला, की शेवटी त्यानंच मला चहा पाजला आणि म्हणाला, न्या बाई, पण आता बोलू नका. अजूनही मिरचीचा अडत्या मला लांबून बघितलं की दर आधीच खाली आणतो. याचा मला अभिमान आहे. होता. आहे — खोटं कशाला बोलू?

आपल्याकडची एक रीत तुम्हाला माहीत असेलच. चटणी डंकावर टाकून कुठली बाई घरी जात नाही. मिरची, धणे, खोबरं, परतलेला कांदा-लसूण असं सगळं घेऊन येते आणि उखळाशेजारी पाट टाकून बसते. आपली ब्याडगी दुसरीच्या लवंगीत मिसळायला नको, कुणी मूठभर उचलायला नको. बसल्या बसल्या काही बायका हातानं सारखंही करतात. म्हणजे उखळाजवळ बसलेली बाई कामाची आहे की गिऱ्हाईक, हे दारातून येणाऱ्याला कळत नाही. माझं खोटं या रीतीवरच उभं राहिलं.

शकिला माझ्याकडं कामाला होती. माहेर मुरगूडचं, नवरा टेम्पोवर. माझ्या हाताखाली तेव्हा ती एकटीच. पगार दर शनिवारी हातात द्यायचा, कागद नाही, सही नाही. आणि तिचं काम — कसं सांगू? लोखंडी मुसळ वर जातं, धाडकन खाली येतं. कांदा-लसणाचा ओला गोळा उखळाच्या कडेला चिकटतो, तो प्रत्येक वेळी मध्ये लोटावा लागतो. यंत्राबरोबर उखळाच्या तोंडावर बसवायची जाळी आली होती. जाळी असली की हात आत जात नाही. मग यंत्र बंद करा, जाळी काढा, गोळा लोटा, पुन्हा सुरू करा. हंगामात एवढा वेळ कुणाला? जाळी मीच काढली. कोपऱ्यात टाकली. दोन ठोक्यांच्या मध्ये हात घालायचा आणि काढायचा, असं मीच तिला शिकवलं.

पण शिकवलं मी, आणि करायची ती. मी स्वतः तो हात घालताना श्वास रोखत असे. शकिला मात्र गिऱ्हाइकाशी लेकीच्या शाळेचं बोलता बोलता हात आत घालायची आणि काढायची, खाली न बघता. बायका चटणी विसरून तिचा हात बघत बसायच्या. मीही बघायची. मला वाटायचं, यंत्रच तिच्यासाठी थांबतं आहे.

त्या दिवशी उखळात पाटीलवहिनींची चटणी होती. वहिनी शेजारी पाटावर होत्या. मी दारात एका गिऱ्हाइकाशी दरावरून भांडत होते — माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही, रस्त्यापलीकडं जातो — आणि त्या रागातच, वजनकाटा जागेवर दिसला नाही म्हणून, मी शकिलाच्या नावानं ओरडले. माझ्या हाकेनं तिनं मान वळवली. हात आत होता.

मुसळ कुणासाठी थांबत नाही.

उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. तिखटात सापडलेला तो हात... नाही, ते मी लिहिणार नाही. रिक्षात ती ओरडली नाही, माझ्या खांद्यावर डोकं टेकून काहीतरी पुटपुटत होती, आणि मी काय करत होते? मी हिशेब करत होते. परवाना नीट नव्हता, जाळी कोपऱ्यात होती, पोलीस येतील, डंकाला कुलूप लागेल. दवाखान्यात विचारलं, या कोण? आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं — गिऱ्हाईक. चटणी कुटायला आलेल्या, सारखं करताना हात गेला.

घाबरून निघालं, असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी घाबरलेली नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पाटीलवहिनींच्या घरी गेले आणि सौदा केला. त्यांची नासलेली सगळी चटणी मी नव्यानं करून देणार, उत्तम मिरची घालून, आणि पुढं दर उन्हाळ्यात त्यांचं कांडप फुकट. त्यांनी फक्त म्हणायचं की त्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या, म्हणजे उखळातली चटणी शकिलाची ठरली. वहिनी सज्जन बाई. चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, धणे जरा जास्त घाला. आयुष्यात इतक्या स्वस्तात मी दुसरं काही पदरात पाडून घेतलेलं नाही.

दवाखान्याचा खर्च मी केला. शकिलाला काम करताना बघितलेल्या बायकांना कुणी विचारायला गेलं नाही; गल्लीत माझं नाव झालं — गिऱ्हाइकासाठी एवढं कोण करतं? मी ते ऐकून घेतलं. तुम्हाला कधी तुमच्या पापाबद्दल शाबासकी मिळाली आहे? सुरुवातीला घशात अडकते. नंतर सवय होते.

शकिलाच्या भावाला कुणीतरी सांगितलं, की कामावर हात गेला तर मालकानं भरपाई द्यावी लागते, तो हक्कच असतो. त्यानं अर्ज केला. चौकशीला एक साहेब आले, डंकाजवळच खुर्ची टाकून बसले. शकिलालाही बोलावलं होतं. हात अजून बांधलेला. साहेबांनी विचारलं, ही तुमच्याकडं कामाला होती का? मी म्हणाले, छे हो, गिऱ्हाईक होती. पाटीलवहिनींना विचारलं. त्यांनी सांगितलं, मी त्या दिवशी नव्हते.

शकिला माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी तयार होते, शिव्यांना मी कधीच कमी पडत नाही. तिनं फक्त विचारलं —

"आक्का, मी गिऱ्हाईक हुतो, तर माझी चटणी कुठं हाय?"

साहेबांनी मान वर केली. एवढ्याशा प्रश्नात सगळं उघडं पडत होतं. आणि मी, जिला उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नाही, क्षणभरही न थांबता म्हणाले,

"तुझ्या घरच्यांनीच न्हेली की."

साहेबांनी तेच लिहून घेतलं, तिनं बांधलेला हात पदराखाली घेतला. अर्ज तिथंच संपला.

आता माझ्या रागाचं सांगते, कारण तो लपवला तर हे सगळं अर्धंच राहील. काही वर्षांनी शकिलानं बचत गटाचं कर्ज काढून माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून स्वतःचं कांडप काढलं. माझी गिऱ्हाइकं डोक्यावर मिरचीची पोती घेऊन माझ्या दारावरून पुढं जायला लागली. भाजणीचा अंदाज, मसाल्याचा क्रम, सगळं माझ्याकडून शिकलेली बाई! मी गल्लीभर सांगत सुटले — उपकार विसरली, जिनं हाताला काम दिलं तिच्यावरच उलटली. हाताला काम. जिला मी गिऱ्हाईक ठरवलं होतं तिच्याबद्दल हे शब्द मी वापरले, आणि ते बोलताना माझी जीभ अडखळली नाही. तो राग अजून आहे. परवाच तिच्याकडं गर्दी बघून माझं डोकं तापलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेले, ते माफी मागायला नाही. तिचं दुकान विकत घ्यायला गेले होते. तिच्यावर कर्ज आहे असं ऐकलं होतं; पडत्या भावात मिळेल असा अंदाज होता. गाडी दारात लावली. आत गेले आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर तिन्ही उखळांवर जाळ्या. बायका तक्रार करत होत्या, वेळ लागतो म्हणून. शकिला डाव्या हातानं यंत्र बंद करत होती, जाळी उचलत होती, लाकडी उलथन्यानं गोळा लोटत होती. घाई नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "या आक्का, बसा. पाणी घ्या." जसं काही मी रोज येते.

मी बोलायला सुरुवात करणार, तोवर भट्टीजवळ किंकाळी. तिच्याकडची सुशीला, नवीन आलेली बाई, मिरची भाजायच्या कढईतलं तेल हातावर सांडून घेऊन बसलेली. भर हंगाम, दारात रांग. शकिलानं तिन्ही यंत्रं बंद केली. रांगेतल्या बायकांना म्हणाली, ज्याची त्याची चटणी ज्यानं त्यानं बघा. आणि मला म्हणाली, गाडी काढा.

दवाखाना तोच होता, विचारणारी पोरगी वेगळी. तिनं विचारलं, कुठं भाजलं, घरी का कामावर? सुशीला कळवळत होती, तरी चटकन म्हणाली, घरी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. कामाच्या बायकांना हे न शिकवता येतं — मालकिणीवर बालंट नको, उद्याचं काम जायला नको.

"न्हाय," शकिला म्हणाली. "कामावर भाजलंय. माझ्या कांडपावर. ही माझी कामगार, मालकीण मी."

आणि तिनं आपलं नाव, पत्ता, सगळं नीट सांगितलं. आवाज चढवला नाही. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. ते मला ऐकवायला नव्हतंच, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी तिथं नसते तरी ती हेच बोलली असती. गावोगावच्या आभाळाएवढ्या देवळांपुढं उभी राहिले आहे, पण असं लहान झाल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. किती सोपं होतं ते! चार वाक्यं. कुणावर आभाळ कोसळलं नाही. पोरीनं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नंतर मी माझ्या जागेचं काम बघणाऱ्या वकिलांना विचारलं, एका ओळखीच्या बाईचं म्हणून. मला वाटायचं शकिलाचं लक्ष उडालं, म्हणजे चूक तिचीच, तसंही काही मिळालं नसतं. वकील म्हणाले, तसं नसतं हो. दारू प्यायली असेल, मुद्दाम नियम मोडला असेल तर गोष्ट वेगळी. साधी चूक झाली तरी हक्क जात नाही. विचारायचं एवढंच, की माणूस कामावर होतं का, आणि कामामुळं लागलं का.

मी त्यांच्या पायऱ्यांवर बसून राहिले. कुणी ठरवलं असेल असं? कुठल्यातरी खुर्चीत बसून कुणीतरी विचार केला, की हात दमणार, लक्ष उडणार, हाक ऐकली की माणूस मान वळवणार — आणि त्याचं ओझं त्याच हातावर टाकायचं नाही. मी जन्मभर पैशापैशावरून भांडत आले, आणि माझ्या उंबऱ्याच्या आत एवढी मोठी गोष्ट होती, आणि मी तिला एका शब्दानं बाहेर हाकललं होतं.

वकील म्हणाले होते, मुदत कधीच संपली. पण उशिराचं कारण पटलं तर ऐकूनही घेतात. कारण मी होते.

पाटीलवहिनी आता नाहीत. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी शकिलाकडं गेले तेव्हा दारात रांग होती. माझा आवाज मला कधी हळू करता आलेला नाही, तेव्हाही आला नाही. सगळ्या बायकांच्या देखत म्हणाले, "शकिला, त्या दिवशी तू गिऱ्हाईक नव्हतीस. माझ्याकडं कामाला होतीस. जाळी मी काढली होती, हाक मी मारली होती. तू म्हणशील तिथं येऊन सांगते."

यंत्रं चालूच होती. शकिलानं एक यंत्र बंद केलं, जाळी उचलली, गोळा मध्ये लोटला, जाळी परत बसवली. अंगठ्यानं पदर सारखा केला.

"ऐकलं आक्का," ती म्हणाली. "काय करायचं ते माझं मी बघीन. आता जरा सरका, मागं बाई उभी हाय."

मी सरकले. मागच्या बाईनं तिचा डबा पुढं केला.