भाकरीचा चतकोर

पिंपरीतला कारखाना तेव्हा नवा होता, आणि आत काम करणाऱ्यांपेक्षा गेटाबाहेर उभे राहणारेच जास्त होते. त्यातलाच मी एक, बदली कामगार. आतला कुणी कायम माणूस आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घ्यायचा गडी. मराठवाड्यातून आलो होतो आणि कासारवाडीला स्टेशनामागच्या एका खोलीत पडून असायचो. बायको-लेकरू गावी. कायम झालो की त्यांना आणायचं, एवढं एकच डोक्यात होतं. म्हणून रोज सकाळी गेटावर उभा राहून मी मनात मागायचो, आज आतल्या कुणाला तरी ताप येऊ दे. दुसऱ्याच्या दुखण्यावर डोळा ठेवायची किळस यायची, पण उद्या पुन्हा तिथंच.

एके दिवशी बॉयलरवरचा गडी आला नाही. जवळच्याच गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांचं रान कारखान्यात गेलं, त्या बदल्यात त्याला ही नोकरी लागलेली. त्याचा पितळी बिल्ला मला मिळाला आणि मी कोळसा ओढायला लागलो.

दुपारी गावाकडून डबे आणणारी म्हातारी माझ्यापुढे येऊन थांबली. तिच्या हातातला डबा त्याच बिल्ल्याच्या नंबराचा होता.

"मावशी, तो आलेला नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय. त्याच्या आईनंच सांगितलंय, जागंवर असंल त्याला दे."

आत भाकरी होती, तिचा एक चतकोर मोडून घेतलेला. पोटात आग पडली होती, खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. डबा मात्र आला आणि चतकोर पुन्हा मोडलेला. मग रोजचंच झालं. मोडलेल्या कडेवर बोटं उमटलेली असायची. मी तिकडे न बघता जेवायचो.

सुट्टीच्या दिवशी न राहवून त्या गावात गेलो. त्याच्या आईनं घोंगडी टाकली.

"आमच्या रानात राबणाऱ्याला आमी कवा उपाशी ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "वर कारखाना बांधला तरी खाली रान आमचंच हाय न्हवं?"

मी चतकोराचं विचारलं.

"आधी धन्याचा घास, मंग गड्याची भाकरी. रीतच हाय तशी." तिनं आतल्या खोलीकडे हात केला.

अंधारात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझ्याच वयाचा, पार वाळलेला. मान न वळवताच म्हणाला, "काल लई कोळसा ओढलास व्हय रं?"

खरंच ओढला होता. ओव्हरटाइम केला होता.

"दमलो बघ मी," तो म्हणाला. "जरा सबुरीनं घेत जा."

"रातभर घामानं निथळत हुता," आई म्हणाली.

घोटभर पाणीसुद्धा न घेता मी निघालो. तापात घाम येतोच, असं वाटभर स्वतःला बजावत होतो.

दुसऱ्या दिवशी फावडं आपोआप हळू चालायला लागलं. सुपरवायझर खेकसला, "हात चालव, नाहीतर गेटाबाहेर हो. बाहेर गर्दी आहे." हळू केलं तर नोकरी जाणार, जोरात केलं तर तो दमणार. शेवटी लेकराचं तोंड डोळ्यांपुढं आणलं आणि सगळा जोर लावून कोळसा ओढला. रोज ओढला.

मग एका दुपारी डबा आलाच नाही. म्हातारी माझ्याकडे न बघता पुढे गेली. संध्याकाळी कारकुनानं बोलावलं. "राव, जागा मोकळी झाली. तू आता कायम. बिल्ला तोच राहू दे. पेढे कधी देतोस?"

ज्याची इतकी वाट पाहिली, ते मिळालं होतं. त्याच रात्री बायकोला निघून ये म्हणून कळवलं, आणि कळवताना रडलो.

त्याचं तेरावं झालं आणि डबा पुन्हा आला. झाकण उघडलं, तर भाकरी अख्खी.

म्हातारी या वेळी थांबली होती. "आई म्हनली, चतकोर आता तुझा तू मोडून घे. आन् पाळी सुटली की येळंवर घरला ये."

मी चतकोर मोडला.