त्याने खाल्लेला तास

मी जव्हार-मोखाडा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो. बायकोच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला जव्हारला आणतो आणि ती सुटली की शेवटची खेप घेऊन परततो. तिला मशीन लावणारा टेक्निशियनही मोखाड्याचाच. तो माझ्या शेजारच्या सीटवर, फुकट. अशा माणसाकडून भाडं मागायचं तरी कसं!

डॉक्टरांनी चार तास सांगितले होते. हा तीन तासांतच सुया काढायचा. "बरंचसं झालंय, उरलेलं पुढच्या वेळी." मला वाटायचं, माणूस भला आहे, लवकर मोकळं करतो. मग बायकोचे पाय सुजायला लागले, आडवं झालं की धाप लागायची. डॉक्टरांनी मलाच झापलं, अर्धवट उठून का जाता म्हणून. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ती सुटल्याशिवाय माझी जीप हलत नाही, आणि जीप हलल्याशिवाय साहेब घरी पोचत नाहीत. माझ्याच जीपसाठी तो माझ्या बायकोचा तास खात होता.

त्या संध्याकाळी मोखाडा अजून चांगला लांब असताना मी गाडी बाजूला घेतली. "साहेब, उतरा. बरंचसं झालंय, उरलेलं पुढच्या वेळी." मागची माणसं खो-खो हसली. तो चिखलात उतरला. आरशात त्याच्याकडे बघत मी मजेत शीळ घातली.

बायको मात्र भडकली. "तू उतरवलंस त्याला. परवा सुई त्याच्याच हातात हाय ना?"

दोन दिवसांनी त्याने निमूटपणे तिला पुरे चार तास दिले. पण शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला मशीन उशिरा लागलं होतं. ती पाड्यावरची, सोबत कोणी नाही. खोली बंद करायच्या घाईत तो तिच्या सुया काढायला वळला.

मी दार अडवलं. "आजीचं पुरं झाल्याशिवाय जीप निघणार नाही."

"तुमच्या बाईचं झालं ना? ही तुमची कोण?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारीने मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं. "सुईला हात लावू नको. माजा टाइम बाकी हाय."

बायको स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. तो बाहेर बाकावर जाऊन सारखा घड्याळ बघत राहिला. मी त्याच्यासमोर बसलो आणि भाजलेल्या शेंगा एकेक सोलून, अगदी सावकाश खाल्ल्या.