दोन दारांचा तबेला

सुनीताचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडत होतो. "काका, आई गेली," ती म्हणाली. "घोड्यांना वैरण टाकून आली, पायरीवर बसली, चहा मागितला. मी आत आधण ठेवलं, आणि बाहेर येऊन बघते तर..." मी जुडी तिथंच ठेवली आणि आळेफाट्याची एसटी पकडली. पोहोचलो तेव्हा अंगणात गाव जमलं होतं, बायका सुनीताला धरून बसल्या होत्या आणि मागच्या तबेल्यात दोन्ही घोड्या शांतपणे कडबा चघळत होत्या. त्यांचं सकाळचं सगळं वेळेवर झालं होतं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

सुनीताची आई, इंदूवहिनी, माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नसूनही या भागात मला सगळे डॉक्टरच म्हणत. वहिनींचा नवरा दत्तू माझा मित्र. आमच्याकडे जत्रेला घाटात बैलगाडे पळतात तेव्हा बैलांच्या पुढं घोडी पळते, आणि तिच्यावरचा स्वार जिवावर उदार असावा लागतो. दत्तू तसा स्वार होता. शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्यानं घोड्या विकल्या नाहीत, नवरदेवाच्या वरातीला द्यायला सुरुवात केली. बंदी उठायच्या आधीच काविळीनं तो गेला. दहाव्याला चर्चा निघाली की बाईमाणूस घोड्या काय सांभाळणार, देऊन टाका. वहिनी उठल्या, तोबरे भरले आणि घोड्यांच्या तोंडाला बांधून आल्या. ती चर्चा तिथंच संपली.

चांदणी, तारा आणि हरणी अशा तीन घोड्या होत्या. वहिनी लुगड्याचा काष्टा घट्ट मारून रोज खरारा करायच्या. वरातीत लगाम स्वतः धरायच्या, डोक्यावर पदर आणि पायात दत्तूचे कॅनव्हासचे बूट. सुरुवातीला वऱ्हाडी हसत, मोबाईलवर फोटो काढत. पण बँडच्या आवाजात, फटाक्यांत त्यांची घोडी कधी बुजली नाही, त्यामुळं हळूहळू ओझरपासून पेठपर्यंतची माणसं 'त्या बाईची घोडी' मागू लागली. यात एकाच्या पोटात दुखलं. त्याचं नाव मी इथं किसन असं लिहितो. शेजारच्याच वाडीतला, एकेकाळी दत्तूच्या जोडीनं घाटात पळालेला. त्याच्याही दोन घोड्या होत्या, आणि त्या वरातीविना दारातच उभ्या राहू लागल्या.

पहिला प्रकार लग्नसराईत झाला. सकाळी वहिनी तबेल्यात गेल्या तर चांदणीच्या शेपटीचे केस बुडापासून कापलेले, आयाळ वेडीवाकडी भादरलेली आणि खोगिराचं चामडं उभं चिरलेलं. जनावराला जखम नव्हती, पण संध्याकाळी वरात होती. मला बोलावलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, चांदणीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. "भाऊजी, हिच्या इतक्या जवळ येऊन बी हिनं लाथ मारली न्हाई. म्हंजे वळखीचा हाय," एवढंच म्हणाल्या. नवरदेवाच्या बापाला त्यांनी फोन करून खरं काय ते सांगितलं. तो भला माणूस निघाला. म्हणाला, शेपटी नसली तरी चालेल, तुम्ही या. पोलिसांत तक्रार द्यायला आम्ही दोघं गेलो. शेपटी कापल्याची तक्रार म्हटल्यावर तिथं बसलेले दोघे-तिघे हसले. वहिनी हसू संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आता लिवून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. नाव मात्र वहिनींनी कुणाचं घेतलं नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आग लागली ती पुढच्या उन्हाळ्यात, जत्रेच्या दिवशी, भर दुपारी. शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि सगळं गाव घाटात लोटलं होतं. वहिनी चांदणीचा खूर दुखावला म्हणून घरी थांबलेल्या. त्या काळी त्यांचा तबेला म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि पुढं एकच दार. कडब्याची गंज मागच्या भिंतीला टेकून रचलेली. वहिनी विहिरीवर होत्या. धूर दिसला तेव्हा आधी त्यांना वाटलं कुणी बांध पेटवलाय... मग तारा खिंकाळली. बादल्या टाकून त्या धावल्या.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. दाराशी चांदणी होती. तिला सोडून बाहेर ढकललं आणि त्या ताराकडं वळल्या, तर चांदणी फिरून परत आत! घोड्याचं असं होतं. भीती वाटली की ते आपल्या नेहमीच्या कोपऱ्याकडं धावतं, तो कोपरा जळत असला तरी. वहिनींनी डोक्यावरचा पदर सोडला, त्यानं चांदणीचे डोळे झाकले आणि तिला ओढत चिंचेच्या झाडापर्यंत नेऊन अडकवलं. मग तारा. मग हरणी. हरणी फार हुशार. दातानं गाठ सोडून रात्री-बेरात्री शेतात जायची म्हणून त्या दिवशी सकाळीच वहिनींनी तिला निरगाठ मारली होती. ती गाठ सुटेना. विळा आणायला त्या घरात गेल्या, येऊन दोर कापला, तोवर वरचा पत्रा खाली आलेला. हरणी बाहेर आली ती पाठ आणि मान भाजून. मी पोहोचलो तेव्हा ती चारी पायांवर उभी होती. मी पाणी ओतत राहिलो, इंजेक्शनं दिली, मलम लावलं. वहिनींचा उजवा हात कोपरापर्यंत सोललेला होता, तो त्या मला बघू देईनात. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत हरणी गेली.

या वेळी पाहिलेलं होतं. पलीकडच्या वावरात कांदा काढणाऱ्या दोन बायकांनी किसनला कॅन घेऊन बांधावरनं जाताना ओळखलं होतं, आणि त्यांनी तसा जबाब दिला. किसनला अटक झाली, जामीन झाला, आणि मग गावात दुसरंच सुरू झालं. दोन्ही घरं एकाच गावची, कोर्टकचेरी कशाला, मिटवून टाका. मोठ्या माणसांनी तिघांना मध्यस्थीला पाठवलं आणि त्यात मी होतो. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. वहिनींनी चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून बोलल्या.

"घर जाळलं असतं तर मी बी सोडून दिलं असतं. घरातलं माणूस दार उघडून पळतं. ती बांधल्याली व्हती, भाऊजी. आन् मीच बांधल्याली. माझं काय चुकलं ते मी बघंन. त्याचं काय चुकलं ते कोर्टानं बघावं."

आम्ही तिघं खाली माना घालून परत आलो.

'माझं काय चुकलं ते मी बघंन' हे त्या बोलल्या आणि खरोखरच बघत बसल्या. जळालेल्या जागेत त्या बाज टाकून बसायच्या, सगळं मनात पुन्हा चालवून बघायच्या, आणि मग मला बोलावून आगीत घोडी कशी वागते ते विचारायच्या. नवा तबेला बांधला तो समोरासमोर दोन दारांचा. दारांना कुलूप नाही, कडीसुद्धा नाही, नुसती आडवी बांबूची काठी. ती खांद्यानं लोटली तरी पडते. कडब्याची गंज लांब, चिंचेच्या पलीकडं. वायरिंग सगळं पाइपातून. पाण्याची टिपाडं दोन्ही दारांशी, आणि प्रत्येक घोडीच्या खुंट्यावर एक गोणपाट, डोळ्यांवर टाकायला. गाठ फक्त सुरगाठ, एका हिसक्यात सुटणारी. "सुटून शेतात गेली तर जाऊ दे," त्या म्हणायच्या, "वावर परत उगवतं." आणि रोज संध्याकाळी घोड्यांचे डोळे झाकून त्यांना एकदा या दारानं, एकदा त्या दारानं बाहेर काढायचं. पोरं म्हणायची, वहिनी घोड्यांची कवायत घेत्यात. "म्हनू दे," त्या म्हणायच्या.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. माझ्या मोटारसायकलवर मागं बसून जुन्नर आणि आंबेगावातल्या, जिथं म्हणून घोडी बांधलेली आहे अशा दारात गेल्या. बहुतेक मालक पुरुष, घाटात नाव असलेले. "पावणं, बसा की," म्हणत आणि वहिनी बसायच्या नाहीत, आधी मागं जाऊन कडबा कुठं रचलाय ते बघायच्या. कुणी ऐकलं, कुणी उडवून लावलं. एकानं तोंडावर सांगितलं, "आमचं कुनाशी वैर न्हाई, आमची घोडी कोन जाळतंय?" वहिनी म्हणाल्या, "माझं बी न्हवतं."

आणि त्या किसनकडंही गेल्या. हे मात्र मला पटलं नव्हतं. तारखेच्या दिवशी जुन्नरच्या कोर्टाबाहेर बाकावर दोघं समोरासमोर यायचे. किसन मान फिरवायचा. एका तारखेला वहिनींनी त्याला सरळ विचारलं, "कडबा हलवला का रं भिंतीपासून?" पुढच्या तारखेला पुन्हा तोच प्रश्न. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. अखेर एकदा तो जमिनीकडं बघत म्हणाला, "हलवला." वहिनींनी त्याच दिवशी परतताना मला मोटारसायकल त्याच्या वाडीकडं वळवायला लावली. खरंच हलवला होता. घोड्यांच्या गाठी त्यांनी स्वतः ओढून बघितल्या. किसनच्या बायकोनं पाणी आणलं, ते प्यायल्या, चहा नको म्हणाल्या. येताना मी न राहवून म्हटलं, "वहिनी, मग खटला तरी कशाला चालवायचा?" त्या मागून म्हणाल्या, "त्याच्या घोड्यांवर कुटं खटला हाय?" खटला अजून चालू आहे. मी साक्षीदार आहे आणि मी जाणार आहे.

सुनीता चाकणला एका कंपनीत कामाला. तिला घोड्या ठेवणं शक्य नव्हतं. चौदाव्यानंतर पेठचा एक माणूस चांदणी आणि तारा दोन्ही घ्यायला आला, चांगला, माहितीतला. व्यवहार ठरत आला तेव्हा सुनीता म्हणाली, "आधी तुमचा तबेला बघायला येते." तो माझ्याकडं बघून हसला, "राव, मी घोडी न्यायला आलोय का सोयरीक जुळवायला?" ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पेठला गेलो. तबेला पक्का, फरशी घातलेला, पंखेसुद्धा होते. दार एकच. सुनीतानं मागच्या भिंतीवर हात ठेवला, "इथं एक पाडा, मग न्या." त्यानं मला बाजूला घेऊन समजावून बघितलं की भिंत नवी आहे, वर्षसुद्धा झालं नाही. मी म्हटलं, मग अजून जास्त घट्ट झालेली नसेल.

परवा पुण्याला जाताना मी पेठला उतरलो. घोड्या तिथं रुळल्या आहेत, ताराची तब्येत भरली आहे. मागच्या भिंतीत दार पाडलंय, कडांना अजून गिलावा नाही, विटा उघड्याच दिसतात. गवंड्याला वेळ मिळाला की करून घेतो, असं तो म्हणाला. मग स्वतःच पुढं बोलला, "कडी मात्र लावायची न्हाई, डॉक्टर. पोरगी तसं बजावून गेलीय." मी त्या दारातून आत गेलो आणि समोरच्या दारातून बाहेर पडलो. चांदणीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.