कौल लागेपर्यंत

माझ्या वडिलांच्या हृदयात काही दिवस पंप होता, असं आमच्या गावी, मिठबावात, सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पंप म्हटला की आमच्याकडे विहिरीवरचा.

तो पंप बसायचा होता त्या दुपारी आम्ही गोव्यातल्या एका इस्पितळात होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बाबांचं हृदय इतकं थकलं होतं की रक्तदाब वर यायलाच तयार नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. छाती उघडायची नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळीसारखा पंप हृदयापर्यंत न्यायचा. थोडे दिवस रक्त पुढे ढकलायचं काम तो करील, हृदयाला विसावा मिळेल आणि तेवढ्यात रक्तवाहिन्यांतले अडथळे काढता येतील. रक्तस्रावाचा धोका होता, पायालाही होता. पण थांबण्यात जास्त होता.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी कौल घेऊया. मी चिडलो, पण तिला बोलणार कोण? आमच्या घरात विहीर खणायची असो की मुलीचं लग्न, गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावणार, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझी मुंबईची नोकरीसुद्धा बाबांनी कौल घेतल्यावरच पक्की केली होती. त्यामुळे त्यांनाही हेच हवं असणार, असं आई धरून चालली होती. खरं सांगायचं तर मीही.

काकाने गावच्या देवळातून फोन लावला. पाकळ्या लावल्या होत्या. एकही पडेना. डॉक्टर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, आता थांबता येणार नाही. आईने मात्र फोन कानावरून काढला नाही.

आम्ही बाबांच्या खाटेपाशीच उभे होतो. त्यांचे डोळे मिटलेले, म्हणून ते ऐकत नाहीत असंच आम्ही समजत होतो. त्यांनी माझा हात ओढला.

"देवाक मगे इचारा," ते म्हणाले. एवढ्यानेच त्यांना धाप लागली. "आधी माका इचारा."

मला लाज वाटली. मी खाली वाकून विचारलं, बाबा, करूया?

"माका भियां वाटता रे," ते म्हणाले. "पण माका जगूचा आसा."

कलमांच्या शेंड्यावर चढून आंबे उतरवणारा हा माणूस. भीती वाटते, हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. काही हवंय, हेही नाही. मला रडू आलं. आईने फोन बंद केला आणि डॉक्टरांना स्वतः हाक मारली.

पंपाने आपलं काम केलं, अडथळे निघाले, मग पंपही निघाला. बाबा आता घरी आहेत. कसे वाचलात म्हणून कोणी विचारलं तर सांगतात, देवाने वाचवलं. आई होकाराने मान डोलावते. मीही डोलावतो. ते भ्यायले होते आणि त्यांना जगायचं होतं, हे आम्हा तिघांपलीकडे कोणाला माहीत नाही.