सवतीची ओटी

सुमनमावशी रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की भिंतीवरच्या एका बाईला शिव्या घालायच्या. "बघ कशी बघती. लाज न्हाई, शरम न्हाई, कपडं बी धड न्हाईत." ती बाई म्हणजे परदेशातली एक प्रसिद्ध पॉप गायिका. सोनेरी केस, चमचमता काळा झगा, हातात माइक. तिचं ते पोस्टर काकांनी लग्नाआधीच कुठूनसं आणलं होतं. नव्या नवरीने माप ओलांडून घरात पाऊल टाकलं तर ही आधीच भिंतीवर हजर. मावशींनी तिचं नाव कधी घेतलं नाही. 'माझी सवत' म्हणायच्या, आणि फारच तापल्या असल्या तर 'बया'.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागे त्यांचं घर होतं आणि वरच्या खोलीत आम्ही नवराबायको भाडेकरू. काका मालगाडीचे ड्रायव्हर, बोलणं मोजकं. मावशी शिरूरकडच्या, शेतकऱ्याघरच्या, आणि काकांच्या वाटणीचंही सगळं त्याच बोलून टाकायच्या. "पोटात ठेवलेलं नासतं गं, बोलून टाकलेलं जिरतं," असं त्यांचं एक वाक्य होतं. त्यांच्या पोटात काही नासलं असेल असं मला तरी वाटत नाही.

काका ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन टेपरेकॉर्डर लावायचे. कॅसेट एकच, त्याच गायिकेची. मी वरून ऐकायची. मी तिची चाहती म्हणायला चाहती. दोन गाण्यांची धृपदं येतात, बाकी 'ला ला'वर भागवते. पण काकांच्या त्या कॅसेटची एक गंमत होती. कधीतरी त्यांनी चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं, त्यामुळे एका गाण्याच्या ऐन मध्यावर बाई एकदम गप्प व्हायची आणि स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज यायचा, "आवो, दळण आणता का?" मागे भांडं पडल्याचा आवाज. मग बाई पुन्हा गायला लागायची.

मावशींना याची भारी लाज वाटे. "तिचं एवढं नटूनथटून गाणं आन् मधी माझं दळण. नवी कॅसेट आणा की." काका म्हणायचे, "मिळत नाही आता." बरीच वर्षं हाच संवाद, हीच उत्तरं.

ती गायिका वारल्याची बातमी आली त्या दिवशी काका जेवले नाहीत. संध्याकाळी मी वाटी परत द्यायला खाली गेले तर मावशींनी भाजीला फोडणीच दिली नव्हती. मी चकित होऊन बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "सुतक त्यांना हाय, मला न्हाई. पर चूल एकच हाय ना."

पुढे दीडदोन वर्षांत काकाही गेले. मुलगा शिरूरला, त्यामुळे खाली मावशी एकट्याच. मावशींनी पोस्टर काढलं नाही, शिव्याही थांबवल्या नाहीत. थांबलं ते दुसरंच. आमच्या गल्लीत कुणाचीही ओटी भरायची तर पहिला मान मावशींचा असायचा, कारण त्यांचा हात चांगला, असं सगळ्या म्हणायच्या. आता हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की त्यांचा गुडघा दुखायला लागायचा. कुणी आग्रह केला तर "तुमचं चालू द्या, मी हाय की घरात," म्हणून दार लोटून घ्यायच्या.

आणि त्याच सुमाराला मला दिवस गेले. माझी आई लग्नाआधीच गेली, सासूबाई त्याहून आधी. शिवाय आधी एकदा माझं गेलं होतं, त्यामुळे या खेपेला मी जिन्याची प्रत्येक पायरी जीव मुठीत धरून उतरत होते. डोहाळजेवणाचं ठरायला लागलं तेव्हा मी मावशींना सांगून टाकलं, "माझी पहिली ओटी तुम्हीच भरायची." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझं एकदा गेलंय. आता काय इपरीत झालं तर लोकं काय म्हणत्याल ते म्हणू देत, मीच मला म्हणंन. तो इषय काढू नगं." मी रडले. त्यांनी गरम भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, पण शब्द काही दिला नाही.

मग मोबाइलवर मला कळलं की पुण्यातल्या एका मॉलमध्ये त्या गायिकेचं प्रदर्शन लागलंय. नुसते फोटो आणि कपडे नाहीत, तर भिंतींवर, जमिनीवर, छतावर सगळीकडे तीच दिसणार, आपण जणू तिच्या कार्यक्रमातच उभे. मी सहज बोलून गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. "मला बी ने," म्हणाल्या. "जन्मभर शिव्या दिल्या, एकदा समोरासमोर बघू तरी दे."

पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या डेमू गाडीला बसायला जागा मिळाली. केडगाव गेल्यावर मावशींनी पिशवी उघडून दाखवली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि सोललेला, शेंडी राखलेला नारळ. "सवतीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं व्हय? तू भर तिची ओटी, माझ्या वतीनं."

मी म्हटलं, "मावशी, ती परदेशातली. त्यांच्यात ओटी नसते."

"नसंना. बाई हाय ना?"

मॉलच्या दारात पिशवी तपासणाऱ्याने नारळ बाहेर काढला. "मॅडम, नारियल अलाऊड नहीं है."

"का? ह्यो काय आपोआप फुटणार हाय का?"

त्याला हसू आवरेना, पण नारळ काही त्याने सोडला नाही. काउंटरवर ठेवून घेतला आणि टोकन दिलं. मावशींनी टोकन कमरेला खोचलं आणि आम्ही आत गेलो.

पहिल्या दालनात तिचे बालपणीचे फोटो. मावशी चष्मा पुसून म्हणाल्या, "ल्हानपणी बरी व्हती." मग एक मोठी अंधारी खोली. एकदम प्रकाश झाला आणि चारी भिंतींवर ती उभी, छतापर्यंत उंच, पायाखालची जमीनसुद्धा दिव्यांची. मागून हजारो लोकांचा गलका. मावशींनी माझा दंड घट्ट धरला. "अंगावर येतीय की गं ही." आजूबाजूची पोरं मोबाइल वर धरून नाचत होती. तेवढ्यात काकांचं ते गाणं सुरू झालं. मी माझं 'ला ला' धरलं. गाणं मध्यावर आलं, आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "आवो, दळण आणता का?"

पुढचं जोडपं वळून बघायला लागलं. भिंतीवरची बाई मात्र न थांबता गातच होती. मावशी कडेच्या बाकावर जाऊन बसल्या. "ह्ये गाणं असं हाय व्हय," त्या हळू म्हणाल्या. "मधी कुणीच न्हाई."

"मोबाइलवर कधीही मिळतं हे, मावशी. काकांच्या मोबाइलवरसुद्धा होतं. मीच भरून दिलं होतं."

"मला म्हणायचे मिळत न्हाई." मग त्यांना समजलं. काकांना नवी कॅसेट नकोच होती. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या की रडत होत्या, मला त्या उजेडात कळेना. "लई लबाड माणूस गं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या दालनात पोस्टरमधला तो काळा झगा पुतळ्याला घातलेला होता, समोर दोरी. मावशी नीट न्याहाळत राहिल्या. "एवढीशीच व्हती की. माझ्याएवढी." मग मला ढोसलं, "भर." मी पिशवी घेतली, पण पोट सांभाळून दोरीपलीकडे वाकायला जमेना. दोनदा प्रयत्न केला. "आण इकडं," म्हणून मावशींनी पिशवी ओढून घेतली, वाकून झग्याच्या पायाशी खण ठेवला, त्यावर हळकुंड, सुपारी आणि ओंजळभर तांदूळ. नेहमीच्या सराईत हाताने. आणि मग तो हात तिथेच थांबला.

"झालं ते झालं," म्हणाल्या. "हिला काय बाधतंय आता."

तिथली कर्मचारी मुलगी धावत आली. "काकू, टच नाही करायचं."

"टच कुठं केलाय. वटी भरली." मुलगी बघतच राहिली. आम्ही काढता पाय घेतला.

बाहेर टोकन दिल्यावर नारळ परत मिळाला. मावशी तो हातात घेऊन खुळ्यासारख्या उभ्या राहिल्या. "ह्याचं काय करायचं आता? वटीला काढलेला नारळ घरात माघारी नेत न्हाईत."

मी सरकत्या जिन्याशेजारच्या बाकावर बसले आणि पदर पसरला. "मग इथे घाला."

"येडी हायेस का?"

"मागच्या वेळी माझी चोरओटी पाच सवाष्णींनीच भरली होती, मावशी. राहिलं का काही?"

लोक पिशव्या घेऊन जिन्यावरून वर-खाली जात होते. मग त्या पुढे आल्या आणि नारळ माझ्या पदरात घातला. "तांदूळ न्हाईत गं. समदं त्या बयेला दिलं." पिशवी उलटी करून त्यांनी शिवणीत अडकलेले चार दाणे नखाने काढले आणि तेही पदरात टाकले. मी तिथेच, मॉलमध्ये, जमेल तेवढं वाकून त्यांच्या पाया पडले. डोहाळजेवणाला मावशींचा गुडघा दुखला नाही. पहिली ओटी त्यांनीच भरली, आणि कुजबुजणाऱ्या दोघींना "लाडू घ्या, तोंड गोड करा," म्हणून गप्प केलं.

माझी मुलगी त्यांच्याच मांडीवर बोलायला शिकली. मागच्या थंडीत मावशी झोपेतच गेल्या. शिरूरला राहणारा त्यांचा मुलगा घर आवरायला आला तेव्हा मी फक्त ती कॅसेट आणि टेपरेकॉर्डर मागून घेतला. परवा आम्ही त्याच्याकडे वास्तुशांतीला गेलो होतो. कुणीतरी स्पीकरवर गाणी लावली, आणि फिरत फिरत तेच गाणं आलं. जेवणाच्या पंगती चालू होत्या. गाणं मध्यावर आलं आणि माझी लेक ताटावरून मान वर करून मोठ्यांदा म्हणाली, "आवो, दळण आणता का?"

सगळी पंगत हसली. वाढता वाढता मावशींच्या मुलाचा हात थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ठेच्यावर ढकललं. बाई पुढे गातच राहिली, तशी लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, यांच्या गाण्यात मावशीआजी नाहीये. यांचं गाणं खराब झालंय."