इंदूकाकूने ओवलेला हार

इंदूकाकू कोणाच्याही घरी गेली की आधी वर बघायची. माणसांकडे नंतर. छताचे चारही कोपरे नजरेखालून घातल्याशिवाय ती टेकायची नाही, आणि कुठे जाळं दिसलं तर यजमानीण पाणी घेऊन येईपर्यंत काकूच्या हातात झाडू असायचा. आम्ही विरारला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी ही बाई स्टुलावर चढलेली बघून माझ्या सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं होतं, “या तुमच्या कोण?” मी म्हटलं, “माहेरच्या शेजारच्या काकू. कोपरा होईपर्यंत थांबा, मग ओळख करून देते.”

“कोळ्याला काय, तो कुठेही घर करतो. लाज आपल्याला वाटायला हवी,” हे तिचं ठरलेलं वाक्य. दुसरं त्याहून ठरलेलं. घरात कोणी वाईट बोललं की तिचा हात वर जायचा. “वास्तू तथास्तु म्हणत असते गो!” हे सगळेच म्हणतात, पण काकू ते पाळायची. माझा भाऊ लहानपणी एकदा तिच्याकडे “भुकेने मेलो” म्हणाला, तर त्याला ओट्यावर नेऊन चूळ भरायला लावली आणि मग जेवायला वाढलं. वर एक लाडू जास्त दिला. विरारजवळच्या नंदाखालला, माझ्या माहेरी, तिची आणि आमची वाडी लागून, मध्ये केळींची एक रांग. आई रागावली की मी ती रांग ओलांडून पलीकडे जायची. काकू घरात आमच्या बोलीत बोलायची. इथे मी तिचं बोलणं सगळ्यांना कळेल असं लिहितेय, त्यात निम्मा गोडवा गेलाच.

तर जिला एक जाळं खपत नव्हतं, तिच्याच घरात भुताचा सिनेमा झाला. आता बोला! ऐंशीच्या दशकात भुताच्या बंगल्यावरचे विनोदी सिनेमे निघायचे, त्यातलाच हा एक. दोन घाबरट मित्र, एक मेलेला बंगलेवाला, गडगडाट आणि नाचगाणी. नाव सांगत नाही, सांगितलं तरी कोणाला आठवणार नाही. दामूकाकांना, म्हणजे काकूच्या यजमानांना, सिनेमाचा भारी नाद. सिनेमावाली माणसं जागा बघत वाडीत आली आणि काकांनी चहा व्हायच्या आधीच होकार देऊन टाकला. दुमजली कौलारू घर, आजूबाजूला माड, उंच खिडक्या. त्यांना हवा तसाच बंगला. फक्त एक अडचण होती. घर लख्ख होतं.

उन्हाळ्याची सुट्टी होती, मी दहा वर्षांची होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलंय. घर घाण करायलाच त्यांना तीन दिवस लागले. भिंतींना काजळी फासली, जिन्यावर पाचोळा पसरला, डिंकासारखं काहीतरी ताणून ताणून झुंबराला आणि कोपऱ्यांना जाळी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी येऊन बघतात तर काय, एक जाळं शिल्लक नाही. काकूने पहाटे उठून सगळं झाडलं होतं! सजावट करणारा दाढीवाला माणूस रडकुंडीला आला. “अहो बाई, भूत राहतं इथे!”

“राहू दे की,” काकू म्हणाली. “भुताला झाडता येत नाही का?”

पुढे तडजोड झाली. शूटिंग असेल त्या खोलीतली जाळी ठेवायची, संपलं की काकूने झाडायची. पण हिचा धीर कुठला निघायला! दुपारी ते जेवायला बसले की हिचा झाडू सुरू. आम्ही पोरं जिन्याखाली बसून हसायचो.

त्या सुट्टीतलं हे एवढंच मला ठाऊक होतं. त्याच वर्षी मार्गशीर्षात दामूकाका गेले. बेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, केळींना पाणी लावता लावता खाली बसला तो उठलाच नाही. छातीत कळ आली म्हणाले डॉक्टर. वर्ष व्हायच्या आत सिनेमा लागला, विरारला आठवडाभर. आमच्या आळीतून कोणी गेलं नाही. आई म्हणाली, “त्या घरात असं झालेलं, आणि आपण त्या घराचा सिनेमा बघून हसायचं?”

काकूने सतीशला, तिच्या मुलाला, एकटीने वाढवलं. मोगरा, सोनचाफा, केळी, सगळी वाडी तिनेच बघितली. वसईच्या बाजारात तिच्या हाराला नाव होतं. पण तिच्या स्वतःच्या घरात काकांचा फोटो भिंतीवर नव्हता. तो कपाटात, लुगड्यांच्या खाली, उलटा ठेवलेला. श्राद्धाच्या दिवशीही बाहेर यायचा नाही. नातेवाईक बोलायचे, अगदी तिला ऐकू जाईल असं बोलायचे. “गावाला हार पुरवते, नवऱ्याला एक घालायला हात झिजतात हिचे.” काकू ऐकून घ्यायची आणि पानात आणखी भाजी वाढायची. मला राग यायचा. त्या लोकांचा यायचा, आणि खरं सांगते, काकूचाही यायचा.

शेवटी मी विचारलं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील. माहेरी आले होते, आम्ही दोघी कळ्या काढत होतो. म्हटलं, “काकू, लोक बोलतात ते तुला लागत नाही?”

ती कळ्या काढायची थांबली नाही. “त्यांच्या सिनेमात मेलेल्या मालकाचा फोटो हवा होता,” ती म्हणाली. “मुंबईहून आणलेला वाटेत फुटला. दिवाणखान्यात यांचा फोटो होता, लग्नानंतर वसईला काढलेला. ते म्हणाले, हा द्याल का? हे घरी नव्हते, केळी घेऊन विरारला गेलेले. मी दिला.”

“मग काय झालं त्यात?”

“कागदाचा हार आणलेला त्यांनी, धूळ बसलेला. मला बघवेना. म्हटलं, माझ्या घरात असला हार? अंगणात मोगरा फुललाय. मी बसले आणि ओवला. माझ्या हाताने ओवला, माझ्या हाताने घातला. जित्या माणसाच्या फोटोला. कागदाचा असता तर ते नाटक राहिलं असतं. मी खरा घातला गो. वास्तूने तथास्तु म्हटलं.”

मी जे सगळे बोलतात तेच बोलले. असं काही नसतं, त्यांना हृदयाचा त्रास असणार, तू शिकलेली आहेस. तिने मान हलवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “ते संध्याकाळी आले. हातपाय धुतले, भिंतीकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. जेवायला बसले तर तीन भाकऱ्या खाणारा माणूस एका भाकरीवर उठला. त्यांच्या मनाला लागलं. मी विचारायला हवं होतं, माझी छातीच झाली नाही. मग राहूनच गेलं.”

मला तेव्हा कळलं की मरणापेक्षाही तिला हे जास्त खात होतं. नवरा रागावून गेला की काय, एवढाच तिचा प्रश्न. आणि तो कोणाला विचारणार?

अलीकडे तिला काचबिंदू झाला. उजेड-अंधार कळायचा, माणसाचं तोंड कळायचं नाही. सतीश नाशिकला चल म्हणाला, ती गेली नाही. मी दर रविवारी विरारहून जायची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी ती आपणहून म्हणाली, “तुझ्या मोबाईलवर म्हणे जुनं सगळं मिळतं. आमच्या घराचा सिनेमा मिळेल?”

मिळाला. कोणीतरी टाकून ठेवला होता. चित्र पुसट, मध्येच रेघा, पण अख्खा. मी मोबाईल हातात धरला आणि तिला सांगत गेले. आता जिना आला, आता तुझी मागची पडवी. गडगडाट झाला की ती दचकायची आणि हसायची. मी म्हटलं, “काकू, झुंबरावर आत्ता जाळं होतं, हिरो वळला तर गायब!” “ते मी झाडलं,” ती म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पदराने डोळे पुसून एकदम गंभीर झाली. माझ्या मनगटावर हात ठेवला. “तो फोटो आला की सांग.”

आणि तो आलाच. दिवाणखान्याची भिंत, कर्कश संगीत, आणि मधोमध दामूकाका, गळ्यात मोगऱ्याचा टपोरा हार. एवढ्या पुसट चित्रातही हार मात्र ठसठशीत दिसत होता. तिची बोटं माझ्या मनगटावर होती. मला ते सोसवलं नाही. मी म्हटलं, “काकू, फोटो नाहीचे यात. कापून टाकलेला दिसतो.”

“नाहीच?”

“नाहीच.”

तिने लांब श्वास सोडला. “म्हणजे लोकांनी नाही बघितला,” ती म्हणाली.

मी मोबाईल बंद करणार, एवढ्यात कॅमेरा फोटोच्या अगदी जवळ गेला. खोटी वीज चमकली आणि फोटोच्या काचेत समोरची माणसं दिसली, शूटिंगवाली, हातात दिवे आणि उजेड पाडायचे चकचकीत पत्रे धरलेली. त्यांच्या मागे खांद्यावर पंचा टाकून एक माणूस उभा. सगळे कामात, हा एकटा तोंडावर हात दाबून हसतोय, खांदे गदगदा हलताहेत. दामूकाका. असेच हसायचे ते. विरारहून दुपारीच परतले असणार आणि हिच्या नकळत मागे येऊन उभे राहिले असणार. स्वतःच्या फोटोला घातलेला हार बघून माणूस पोट धरून हसत होता! त्या मंडळींबरोबर जेवलेही असतील, म्हणून रात्री भूक नव्हती. आणि बोलले नाहीत ते, सिनेमा लागल्यावर हिला थिएटरात दाखवून चिडवायचं म्हणून. यातलं काही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ते हसत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

“काय झालं गो?” काकूने विचारलं. “गप्प का झालीस?”

“काही नाही, काकू.”

काय सांगणार होते मी? काका दिसले म्हटलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, कुठे? त्या खोलीत दुसरी काच नव्हती, आरसा नव्हता. घरातली एकेक वस्तू तिला पाठ. फोटो नाही म्हणून मी नुकतंच सांगून बसले होते. खोटं बोलायला मला एक क्षण पुरला, ते मागे घ्यायला धीर होईना.

घरी येऊन तो तुकडा मी वीस वेळा बघितला. पुढच्या रविवारी सांगायचंच असं ठरवून गेले, तर काकू शेजारणीला सांगत होती, “फोटो नव्हताच त्यात, हिने बघितलं ना!” तिला बरं वाटतंय तर कशाला, असं म्हणून मी पुढे ढकललं. त्याच्या पुढच्या रविवारीही ढकललं. मी स्वतःला समजूतदार म्हणवून घेत होते. होते भित्री.

तिसऱ्या रविवारी ती अंथरुणावर होती, ताप होता. नऊ दिवसांनी ती गेली. त्या रविवारी काही आम्हाला तसं वाटलं नव्हतं, त्यामुळे मी नेहमीसारखी पेज भरवून निघायला उठले. तिने माझा हात धरून ठेवला.

“तुला काय वाटतं, ते रागावले असतील का गो?”

मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. “नसतील, काकू,” मी म्हटलं.

“तुला काय ठाऊक, बाय,” ती म्हणाली. “तू तेव्हा एवढीशी होतीस.”

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि निघाले.