तलावाचा पिवळा कोपरा

दुपारी दीडच्या सुमाराला, विद्यापीठाच्या वाचनालयात, हर्षाली कापगतेचं डोकं नकाशावर टेकतं. तीन वाजता तिची तोंडी परीक्षा. प्रदेश अभ्यासाच्या एम.ए.साठी तिनं भंडाऱ्याकडच्या तलावटोलीची माणसं, पाणी, रान, सगळं टिपून आणलंय. परीक्षा झाली की हा नकाशा गावच्या समितीकडे जाणार आणि त्यावरून तलावातला गाळ उपसायला यंत्र येणार. तलावाचा एक कोपरा तिनं पिवळा रंगवलाय. त्यावर लिहिलंय, 'पडीक'.

पंखा घरघरतो. पिवळा रंग हळूहळू ओला होतो.

"सरक वं जराशी."

शेजारी सोमाजी आबाजी बसलेत. तलावटोलीच्या मासे धरणाऱ्या ढिवरांमधले सगळ्यात जाणते. गेल्या थंडीत वारले. खांद्यावर जाळं, धोतरातून पाणी ठिबकतंय.

"आबाजी, तुम्ही तर..."

"मेलो. मंग? तुही परीक्षा मेली का? चपला काढ."

हर्षाली हसत चपला काढते. पाय खाली टेकतात ते गुडघाभर गार पाण्यात. पुस्तकांची कपाटं होती तिथं उंच हिरवी पाती सळसळताहेत, शेंड्यांना लालसर कुसळं.

"हे कुठं आलो आपण?"

"तुह्या पिवळ्या कोपऱ्यात."

"पण इथं काहीच नव्हतं! मी स्वतः पाहिलंय, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये."

"पाहुनी भर उन्हाळ्यात येते, आन् म्हनते यांच्या घरी पानीच नाही!" आबाजी खो खो हसतात. "देवधान आहे हे, रानभात. कोनी पेरत नाही. पिकलं का आपोआप गळते, गाळात झोपते, पावसाळ्यात उठते. नांगर लागत नाही, म्हनून बाया ऋषीपंचमीले हेच शिजवतात."

"मला सांगितलं का नाही?"

"तुह्या कागदावर इचारलं होतं, बैल किती, मोबाईल किती. तेवढं सांगतलं."

हर्षाली लाजते. पायाच्या बोटांना गाळात काहीतरी बारीक, टणक टोचतंय. एक, दोन, असंख्य.

"म्हणजे हा गाळ नाहीच, आबाजी! हे बियाणं आहे! यंत्र फिरलं तर..."

"आता बोललीस!"

आबाजी कधी डोंग्यात, त्या अरुंद होडीत, चढले, कळतही नाही. ते पाती वाकवून काठीनं झोडपतात. "वढनी पसर, पोरी!" ती ओढणी पसरते. दाणे पडतात, टप टप, टक टक, टक टक...

"कापगते, उठा! पावणेतीन झाले!" ग्रंथपाल बाई टेबलावर पट्टी वाजवताहेत.

हर्षाली खोडरबर उचलते. कागद भुरभुरेपर्यंत 'पडीक' खोडते आणि तिथं लिहिते: 'देवधान. इथला गाळ काढू नये.' मग नकाशाची गुंडाळी काखेत मारून जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरते. चपला टेबलाखालीच राहिल्या, हे तिला शेवटच्या पायरीवर कळतं.

तेवढ्यात मानेला काही टोचतं. ती ओढणी चाचपते. धाग्यात एक काळसर दाणा अडकलाय, लांब लाल कुसळाचा. अजून ओला.